खुमजुंगच्या कपाटातली टाळू

खुमजुंग, ९ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

पाकीट बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, उजवा गुडघा सोडून. नामचेहून निघून फुंकी थेंगाच्या उताराला लागलो आणि अर्ध्यात गुडघ्यानं राम म्हटला. बाकीची मंडळी एव्हरेस्टच्या बेस कँपकडे गेली. मला एका पोरानं धरून धरून इथं खुमजुंगला आणून सोडलं. आता ती परत येईपर्यंत लॉजच्या चुलीशेजारी पाय वर करून बसायचं, एवढाच कार्यक्रम. ३,७९० मीटर उंची आहे. दिवसा ऊन छान, पण चार वाजले की हाडं वाजायला लागतात. फोनला रेंज आली तर येते. आणि जे सांगायचंय ते फोनवर मावणारं नाही, म्हणून लॉजवालीकडून वहीची पानं मागून घेतली.

नववीत असताना आपण एक पैज लावली होती, आठवतंय? वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात बर्फातल्या पावलाचा फोटो होता. तू म्हणालास, हिममानव. मी म्हणालो, अस्वल. दहा प्लेट भेळ, एसटी स्टँडवरची. तू ते पान कुणाचं लक्ष नाही बघून फाडून घेतलंस आणि मी आठ दिवस घाबरून वाचनालयाकडे फिरकलो नाही. पंचेचाळीस वर्षं होत आली, भेळ कुणीच कुणाला दिली नाही.

तर काल मी हिममानवाची टाळू बघून आलो.

इथल्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, ती एका कुलूपबंद कपाटात, काचेआड ठेवलेली आहे. कुंकवाचा करंडा असतो ना निमुळत्या झाकणाचा, तसला आकार, फक्त मोठा. त्यावर तांबूस-काळे राठ केस, मधोमध शेंडीसारखी उभी रेघ. पेटीत पैसे टाकायचे, मग लामा कपाट उघडतो. मी टाकले. लामानं उघडलं, मी दोन मिनिटं बघितलं, त्यानं बंद केलं. ना त्यानं काही सांगितलं, ना मी काही विचारलं. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि मला तुझीच आठवण आली. कारण ती टाळू कशाची आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी आत जाताना पोटात गोळा आला होता.

कशाची ते आधी सांगून टाकतो. थारच्या कातड्याची. थार म्हणजे सेरो, शेळी-मेंढीच्या नात्यातला इथल्या जंगलातला प्राणी. १९६० साली एडमंड हिलरी यतीच्या, म्हणजे आपल्या हिममानवाच्या, शोधाची मोहीम घेऊन आला होता. बरोबर शास्त्रज्ञ होते, आणि पैसा अमेरिकेतल्या एका ज्ञानकोशाच्या कंपनीचा. त्यांनी गावाकडे ही टाळू उसनी मागितली. गाव काय लगेच देतंय? सहा आठवड्यांत परत आणायची, आणि गावचा माणूस तिच्याबरोबर जाणार, या बोलीवर दिली. तो माणूस म्हणजे खुंजो चुंबी. हा गडी टाळू घेऊन शिकागो, पॅरिस, लंडन करून आला. तिकडच्या तज्ज्ञांनी केस तपासले आणि सांगितलं, हे टाळूचं कातडं नव्हेच. थारचं कातडं साच्यावर ताणून बसवलंय. हिलरीच्या माणसांनी तसलीच एक टाळू बनवूनही दाखवली.

खुंजो चुंबीचं एक उत्तर मात्र इथं अजून सांगतात. पत्रकार मागे लागले, यती खरंच आहे का म्हणून. तो म्हणाला म्हणे, आमच्याकडे जिराफ नाहीत, कांगारू नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल आम्हाला काही कळत नाही. तुमच्याकडे यती नाहीत, तेव्हा तुमचं अज्ञान मी समजू शकतो. बंड्या, हे ऐकून मला तू आठवलास. नववीत तुला हे सुचलं असतं तर मी तेव्हाच हरलो असतो.

टाळू गावात परत आली, कपाटात बसली. १९६१ साली हिलरीनं याच गावात शाळा बांधली. मी ज्या खिडकीशी लिहितोय तिथून तिचं हिरवं छप्पर दिसतं. सकाळी पोरांचा गलका ऐकू येतो. कपाटातल्या कातड्याचा भाव तज्ज्ञांनी पाडला, पण गावानं काही तोट्याचा व्यवहार केला असं मला वाटत नाही.

आता खरी गंमत. ज्या प्राण्यावर आपण पैज लावली ना, तो मुळात इथला नाहीच. तो कलकत्त्यात जन्मला.

झालं असं. १९२१ साली एव्हरेस्टची वाट शोधायला इंग्रजांची पहिली तुकडी आली. पुढारी हॉवर्ड-बरी. ल्हाकपा ला या खिंडीत त्यांना बर्फात मोठमोठे ठसे दिसले. हॉवर्ड-बरीचं स्वतःचं मत, हे लांब ढांगा टाकत गेलेल्या लांडग्याचे असावेत. हमाल म्हणाले, मेतोह कांगमी. मंडळी दार्जिलिंगला परतल्यावर कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमननं हमालांना गाठलं. कांगमी म्हणजे बर्फातला माणूस, हे बरोबर. पण मेतोहचा अर्थ त्यानं लावला घाणेरडा. मग घाणेरडा काही जोरदार वाटेना, म्हणून त्याचं केलं ‘अबॉमिनेबल’, किळस यावी असा. झाला ‘अबॉमिनेबल स्नोमॅन’! जगभरच्या वर्तमानपत्रांनी उचलला. लांडगा राहिला खिंडीत.

आपल्याकडे त्याचा हिममानव झाला, किळस गळाली हे बरं. पण आपणही एक घोळ घातलाच. आपण लिहितो यती. आणि यती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दंड-कमंडलू. मला तर शाळेत वाटायचं, हा कुणी तप करता करता केस वाढलेला साधू असणार. त्यात आपले मराठीचे सर वृत्तातला यतिभंग शिकवायचे, तेव्हा तू मागच्या बाकावरून विचारलं होतंस, ‘सर, कुणी मारला त्याला?’ छडी मला पण बसली. शेर्पांचा शब्द वेगळाच आहे. ये म्हणजे कडा, खडक आणि ते म्हणजे तिथलं जनावर, अशी फोड सांगतात. बर्फाशी त्याचा संबंध नाही. आणि ते कळण्यासारखंच आहे, कारण बर्फात खायचं काय? तो राहतो रानात आणि कपारीत. खिंड ओलांडताना बर्फात पाय उमटतात, आणि साहेब लोक नेमके तेवढेच बघतात.

लॉजवाली दिदी साठीची असेल. दिवसभर बटाटे. सोलते, किसते, तव्यावर धिरडं घालते. रिकीकुर म्हणतात त्याला, वर याकचं लोणी. आपल्या थालीपिठाचा चुलतभाऊच. मी तिच्या शेजारी बसून बटाटे सोलतो आणि ती तिच्या मोडक्या हिंदीत आणि मी माझ्या त्याहून मोडक्या नेपाळीत बोलतो. तिच्याकडून कळलं की ये-ते एक नसतो. द्झु-ते म्हणून एक असतो, थोराड, याक मारणारा. मि-ते त्याहून लहान, माणसासारखा. पहिल्याचं वर्णन ती करायला लागली तर मला अस्वलच दिसत होतं, आणि मी तसं म्हणालो. तिनं मान हलवली. ‘भालू नै हो,’ अस्वलच ते. मी गार. पंचेचाळीस वर्षांची पैज या बाईनं बटाटा न थांबवता निकाली काढली. मग म्हणाली, पण मि-ते वेगळा.

मि-ते मागे लागला तर काय करायचं, हेही तिनं सांगितलं. मादी असेल तर उताराला पळायचं. तिचे स्तन इतके लांब की उतार उतरताना तिला ते खांद्यावर टाकावे लागतात, तेवढ्यात माणूस निसटतो. नर असला तरी उतारच बरा, कारण डोक्यावरचे केस त्याच्या डोळ्यांवर येतात. कधीकधी त्याची पावलं उलटी असतात म्हणे, टाचा पुढे. मी तिला आपल्या हडळीचं सांगितलं. उलटी पावलं ऐकून ती इतकी हसली की बटाटा चुलीत पडला. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, ‘तुमच्याकडे पण उताराला पळतात?’ मला काही सांगता येईना. आपल्या आज्यांनी हडळीचं सगळं सांगितलं, पळायचं कुठे ते मात्र नाही.

आणि एक गोष्ट. पूर्वी यती पुष्कळ होते आणि त्यांना माणसाची नक्कल करायचा नाद. दिवसा माणसं शेतात जे करतील ते रात्री येऊन हे करणार, म्हणजे उभ्या पिकाचा सत्यानाश. गावानं डोकं चालवलं. एक दिवस सगळे माळावर जमले, छांग, म्हणजे इथली घरगुती दारू, प्यायल्याचं सोंग केलं आणि लाकडी तलवारींनी खोटी मारामारी केली. संध्याकाळी घरी जाताना छांगचे हंडे मागे ठेवले आणि लाकडीऐवजी खऱ्या खुकऱ्या. रात्री यती आले, छांग ढोसली आणि नक्कल करायला लागले. सकाळी माळावर मुडदेच मुडदे. थोडे वाचले ते वर पळाले, म्हणून आता दिसत नाहीत.

ही गोष्ट ऐकून सगळे हसतात, मीही हसलो. पण रात्री रजईत पडल्यावर ती मला तेवढी विनोदी वाटेना. आपली नक्कल करतो म्हणून एखाद्याला दारू आणि हत्यार ठेवून यायचं! किळसवाणं कोण यात?

पलीकडे पांगबोचेला ये-तेची अगदी उलटी गोष्ट आहे. तिथला गोम्पा स्थापणारा लामा संगवा दोर्जे गुहेत ध्यानाला बसायचा, तेव्हा एक यती त्याला पाणी आणि खाणं आणून द्यायचा. तो मेला तेव्हा लामानं त्याची टाळू आणि एक हात आठवण म्हणून जपून ठेवला. शेकडो वर्षं ते दोन्ही गोम्पात होते, सणाला बाहेर निघायचे. गुडघ्यामुळे मला तिकडे जाता आलं नाही याची बेस कँपपेक्षा जास्त हळहळ वाटतेय.

तरी तिथं गेलो असतो तर नक्कल बघून आलो असतो. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी टॉम स्लिक नावाच्या टेक्ससमधल्या तेलवाल्या धनाढ्यानं यती पकडायला मोहिमा धाडल्या, शिकारी कुत्र्यांसकट. त्याच्या पीटर बर्न या माणसानं पांगबोचेच्या हाताचं एक बोट काढून घेतलं आणि जागी माणसाचं बोट बसवलं. ते भारतात आणलं आणि कलकत्त्यात जेम्स स्ट्युअर्ट या हॉलिवूडच्या नटाकडे सोपवलं. त्याच्या बायकोच्या अंतर्वस्त्रांच्या पेटीतून ते लंडनला पोचलं. कस्टमवाले सभ्य, पेटी उघडली नाही. मग वर्षानुवर्षं ते बोट एका संग्रहालयात पडून होतं. २०११ साली डीएनए तपासला तर माणसाचंच! म्हणजे माणसाचं बोट चोरून माणसाचं बोट लावलं. मूळ हात आणि टाळू त्याआधीच, नव्वदीच्या सुरुवातीला, गोम्पातून चोरीला गेली होती. पुढे न्यूझीलंडच्या एका वैमानिकाच्या खटपटीनं, सिनेमांसाठी राक्षस-बिक्षस बनवणाऱ्या तिकडच्या कारखान्यानं दोन्हींच्या हुबेहूब नकला करून दिल्या. त्या आता तिथं आहेत. छांग पिऊन नक्कल करणारे यती एकटेच नव्हते.

स्लिकच्या मोहिमांच्याच सुमाराला नेपाळ सरकारनं यतीचे नियमही काढले होते. १९५९ साली काठमांडूच्या अमेरिकन वकिलातीनं ते आपल्या सरकारला कळवले, तो कागद अजून त्यांच्या दप्तरात आहे. परवाना भारतीय ५,००० रुपये. यतीचा फोटो काढा, जिवंत पकडा, पण जीव वाचवायचा प्रसंग सोडून मारायचा नाही. फोटो असो की प्राणी, सरकारजमा करायचा. बातमीही आधी सरकारला दाखवायची. मला हे फार आवडलं. प्राणी आहे की नाही हे ठरायच्या आधी त्याची फी ठरली! तुझ्या महसूल खात्यात शोभलं असतं.

कुत्री आणि परवाने घेऊन लोक इथं हिंडत होते, अगदी त्याच वर्षांत तिकडे बेल्जियममध्ये चित्रकथा काढणारा हर्जे त्याच्या टिनटिनला तिबेटात पाठवत होता. तुझ्या धाकटीकडे असेल तो अंक. त्यातला यती विमान पडून अडकलेल्या मुलाला खाऊपिऊ घालतो आणि शेवटी मुलगा निघून जातो तेव्हा एकटाच बघत राहतो. पांगबोचेच्या लामाचा यती हर्जेला ठाऊक होता की नव्हता ते जाऊ दे, पण या दोघांचं जमलं असतं.

आता तुझा मुख्य मुद्दा. नववीत तू मला विचारलं होतंस, अस्वल दोन पायांवर मैलभर चालतं का रे? मला उत्तर आलं नव्हतं. आता आलंय. चालत नाही. पण अस्वल चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर, थोडा पुढे टाकतं. दोन ठसे मिळून एक लांबलचक पाऊल होतं आणि रांग दोन पायांवर गेल्यासारखी दिसते. वर दिवसभर ऊन. कडा वितळतात, ठसा पसरतो, बोटं रुंदावतात. सकाळी कोल्हा गेला असला तरी चार दिवसांनी राक्षस गेलेला असतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या लष्कराच्या गिर्यारोहकांना मकालूच्या बेस कँपजवळ ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद पावलं दिसली आणि लष्करानं ती थेट ट्विटरवर टाकली, तेव्हा लोकांनी त्यांची काय टर उडवली! मला वाईट वाटलं. १९२१ साली इंग्रज साहेबानं तेच केलं तर सगळं जग शंभर वर्षं मागे लागलं.

केसांचा हिशेबही झालाय. २०१७ साली अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या शार्लट लिंडक्विस्ट आणि त्यांच्या मंडळींनी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले. केस, हाड, दात, कातडं, विष्ठा, असं काय काय. आठ निघाले अस्वलांचे, कुठे काळं, कुठे हिमालयातलं तपकिरी, कुठे तिबेटातलं. नववा कुत्र्याचा. मेघालयात गारो टेकड्यांतल्या हिममानवाला मांदे बुरुंग म्हणतात, त्याचे म्हणून केस २००८ साली इंग्लंडला पाठवले होते. ते गोरलचे, म्हणजे पुन्हा शेळीचंच नातलग. राइनहोल्ड मेसनर, आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं पहिल्यांदा चढलेला माणूस, त्याला १९८६ साली तिबेटात संधिप्रकाशात काहीतरी दोन पायांवर उभं दिसलं. बारा वर्षं त्याच्या मागे हिंडला आणि पुस्तक लिहिलं की ते अस्वल. अमेरिकेतल्या बिगफूटचं, म्हणजे तिकडच्या हिममानवाचं, तर बोलायलाच नको. १९५८ साली कॅलिफोर्नियात ज्या पावलांवरून ते नाव पडलं, ती रस्त्याच्या ठेकेदारानं लाकडी पाय बांधून उमटवली होती, असं २००२ साली तो मेल्यावर त्याच्या घरच्यांनी सांगून टाकलं. ही असली लबाडी मला इथल्या कपाटातल्या टाळूत दिसत नाही. का दिसत नाही ते नीट सांगता येणार नाही. दोन्हीकडे कुणीतरी बसून हातानं काहीतरी बनवलं, हे खरंच आहे.

म्हणजे अस्वल. म्हणजे मी जिंकलो. पण काल मी दिदीला शेवटी विचारलंच, तुम्ही कधी मि-ते पाहिलाय का? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिच्या घरात कुणी मेलंय का विचारलं. म्हणाली, ‘पाहिला असता तर इथं बसून तुमच्याबरोबर बटाटे सोलले असते का?’ त्यांच्यात तो दिसणं म्हणजे अपशकुन. आजारपण, मरण, काहीतरी येणारच. इथं कुणाला तो बघायचाच नसतो रे. डोंगरावर शीळ ऐकू आली तर माणसं मान खाली घालून वाट धरतात. आणि त्याला बघायला कुत्री, कॅमेरे, परवाने घेऊन आपण इतक्या लांबून येतो. मीही काल पेटीत पैसे टाकलेच की.

आज संध्याकाळी अंगणात गेलो होतो, काठी टेकत. समोर खुंबिला. हा डोंगर त्यांचा देव, त्यावर कुणी चढत नाही. उन्हं गेली आणि वरच्या कड्यातून काहीतरी ओरडलं. लांब, बारीक. दाई (इथं दादाला दाई म्हणतात) म्हणाला झारल असेल, म्हणजे रानबकरा, किंवा डांफे पक्षी. दिदी चुलीपाशीच होती. तिनं ऐकलं असणार, पण वर बघितलं नाही. मीही बघितलं नाही, बंड्या. गुडघा दुखतोय म्हणून आत आलो, असं मी दाईला सांगितलं.

तेव्हा भेळेचं काय ते समोरासमोर ठरवू. पाच-पाच प्लेट म्हणालास तरी चालेल. वीस-बावीसपर्यंत मी परत येतो. तोवर एक काम कर. ते फाडलेलं पान तू वहिनींच्या ट्रंकेत ठेवलं होतंस असं मागे म्हणाला होतास, ते शोध. माझा अंदाज, तो १९५१ सालचा एरिक शिप्टनचा फोटो असणार, मेनलुंग हिमनदीवरचा, तेरा इंची पावलाचा. त्या पावलाबद्दल पुढे काही गिर्यारोहकांनीच संशय घेतला. शिप्टननं मापासाठी शेजारी बर्फ फोडायची कुऱ्हाड ठेवली होती. आपल्या पानावर ती कुऱ्हाड होती की नव्हती, हे मला काल रात्रीपासून आठवत नाहीये.

वहिनींना नमस्कार. धाकटीला सांग, काकानं याकचं लोणी खाल्लं आणि त्याला ते आवडलं.

तुझा,
दत्ता